फ्लास्कमधली मूठभर साखर

आपली नोकरी नेमकी कसली आहे, हे विमलाबाई धुरींना कुणाला धड सांगता यायचं नाही. चाळीतल्या बायकांनी विचारलं की 'केमिकलमध्ये आहे' एवढं बोलून त्या मोकळ्या व्हायच्या. खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की मी सकाळी माशांची आतडी धुते आणि दुपारी लोकांच्या छातीचे जुने एक्स-रे नळाखाली धरते. एवढं ऐकल्यावर मरोळच्या त्या चाळीत त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं असतं की नाही, शंकाच आहे.

साल पंच्याऐंशी. विमलाबाईंचे यजमान गुणाजी गिरणीत मागावर होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी थांबली ती थांबलीच. पहिले सहा महिने गुणाजींनी दाढी वाढवून भिंतीकडे बघण्यात काढले. सातव्या महिन्यात एका सकाळी उठले, दाढी केली, आणि बायकोच्या हातातली विळी काढून घेतली. "तू भायर काय मिळता ता बघ, मी घरातला बघतंय," एवढंच म्हणाले. माणूस मागावर जितका मन लावून काम करायचा तितकंच मन लावून भाकऱ्या थापायला लागला. चाळीने महिनाभर हसून घेतलं, मग गुणाजींच्या हातच्या तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास सगळीकडे पसरला आणि हसणारे वाटी घेऊन यायला लागले.

मुलगी लग्न होऊन मुलुंडला गेलेली, घरात दोघंच. विमलाबाई काम शोधत फिरल्या आणि अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन टेकल्या. खाली बॉलपेनच्या रिफिली भरायचे, वर ही दोन खोल्यांची प्रयोगशाळा. मालक घाटकोपरचे जयंतीभाई. औषध कंपन्यांना पाचक गोळ्यांसाठी पावडरी पुरवायचा त्यांचा धंदा. प्रयोगशाळा सांभाळायला पद्मजा होती. पार्ल्याची, एकोणतीस वर्षांची, मोठी पदवी घेतलेली, दोन पेनं खिशाला आणि तिसरं केसात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने विमलाबाईंना एकच गोष्ट बजावली: "मावशी, बाटल्या धुवायच्या, टेबल पुसायचं, चहा करायचा. भरलेल्या फ्लास्कला हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच."

तीन वर्षं त्यांनी फ्लास्कला हात लावलाही नव्हता. आणि खरं सांगायचं तर ती तीन वर्षं फार सुखाची गेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बसायला स्वतःचं स्टूल होतं, अडकवायला स्वतःचा पांढरा कोट होता, आणि आपण धुतलेली बाटली कुणीतरी उजेडात धरून 'वा!' म्हणत होतं. घरी पंचवीस वर्षं भांडी घासली, एवढंसं कौतुक कुणी केलं नव्हतं. फक्त त्या अजून कायम झाल्या नव्हत्या. दर सहा महिन्यांनी जयंतीभाई कागदावर सही करत, की पुढचे सहा महिने या. तो कागद आला की विमलाबाई देवापुढे ठेवत.

आता ते आतड्यांचं काय, ते सांगायला हवं. माशाच्या आतड्यात एक पाचक प्रथिन असतं. खारदांड्याची कोळीण मंजुळा रोज सकाळी डबा भरून आतडी आणून द्यायची, आणि 'हे पण इकत घेतात, कमाल हाय बाय तुमची' असं हसून जायची. ती आतडी बर्फात ठेवून कुटायची, गाळायची, आणि त्या गढूळ पाण्यातून तेवढं प्रथिन वेगळं काढायचं. त्यासाठी पद्मजा एक युक्ती करायची. पेट्रोलसारख्या एका द्रवात साबणाच्या जातीचं एक रसायन मिसळून ते या पाण्यात ओतायचं आणि हलवायचं. मग त्या तेलकट द्रवात पाण्याचे इतके बारीक थेंब तयार होतात की डोळ्याला दिसत नाहीत, आणि प्रथिन त्या थेंबांत जाऊन बसतं. घाण खाली राहते. नंतर तेलकट थर वेगळा काढून मिठाच्या पाण्यात घोळवला की प्रथिन परत पाण्यात उतरतं, स्वच्छ होऊन.

उतरायचं खरं, पण मेलेलं. दीड वर्ष हेच चाललं होतं.

मेलं की जिवंत हे कसं कळायचं? त्यासाठी ते एक्स-रे. इस्पितळातून जुन्या काळ्या फिल्मा आणून त्यांच्या पट्ट्या कापायच्या. त्या काळ्या थरात जिलेटिन असतं, म्हणजे तेही प्रथिनच. त्यावर एक थेंब ठेवायचा आणि अर्ध्या तासाने नळाखाली धरायचं. थेंबातलं पाचक जिवंत असेल तर तो काळा थर खाऊन टाकतं आणि पट्टीवर काचेसारखी स्वच्छ खिडकी पडते. मेलं असेल तर पट्टी काळी ती काळीच. हे धुण्याचं काम विमलाबाईंचं. म्हणजे बातमी आधी त्यांना कळायची, आणि दीड वर्ष त्यांनी 'काळीच आहे हो बाई' याखेरीज दुसरी बातमी दिली नव्हती. सांगताना त्यांना स्वतःलाच अपराधी वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. तो साबणाचा द्रव ओतून हलवला, की दोन थरांच्या मध्ये पांढरा चोथा धरायचा. पद्मजा म्हणायची, प्रथिन मोडून गोळा झालं. विमलाबाईंना तो चोथा बघून दरवेळी एकच आठवायचं, ते म्हणजे खरवस.

त्याचं असं झालं होतं. लग्न होऊन त्या कुडाळजवळच्या सासरी गेल्या त्याच महिन्यात गाय व्याली, आणि त्याच दिवशी नणंदेला बघायला माणसं यायची होती. सासूने चिकाचं दूध सुनेच्या ताब्यात दिलं आणि खरवस करायला सांगितलं. नव्या सुनेला वाटलं, पाहुणे मोठे, गोड चांगलं सढळ हाताने असावं. गूळ घातला तो दुप्पट. पातेलं वाफेवर ठेवलं. पाव तास झाला, अर्धा झाला, तास झाला, पण खरवस काही धरेना. दूध गरम होऊन डुचमळत बसलं. सासू म्हणाली, "गूळ इतको घातलंस तर धरतलो कसो गो? गोडान चीक सैल पडता." शेवटी पाहुण्यांना खरवस वाटीतून प्यायला दिला. नवऱ्या मुलाने दुसरी वाटी मागून घेतली आणि नणंदेचं जमलं, पण विमलाबाईंची त्या घरात जी फजिती झाली ती पुढे दहा वर्षं प्रत्येक सणाला उगाळली गेली.

तर जुलैतल्या एका मंगळवारी पद्मजाने रुंद तोंडाच्या फ्लास्कात शंभरच्या खुणेपर्यंत आतड्यांचं गाळलेलं पाणी भरलं, आणि साबण ओतणार तेवढ्यात पलीकडच्या खोलीत फोन वाजला. ती गेली. विमलाबाई टेबल पुसत होत्या. समोर फ्लास्क, मागच्या फळीवर चहाच्या साखरेचा डबा. त्यांच्या मनात आलं, इथे धरू नये म्हणून तर ही पोरगी जीव टाकते आहे, आणि न धरण्याचा उपाय तर मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे! पुढचं त्यांनी विचार करून केलं असं म्हणवत नाही. डब्यात हात गेला, मूठ भरली, फ्लास्कात रिकामी झाली. फ्लास्क चार वेळा हलवला आणि जागेवर ठेवला. साखर विरघळून गेली. फोन अजून चालूच होता. विमलाबाई पुन्हा टेबल पुसायला लागल्या, पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा.

पद्मजा परत आली, पाणी खुणेच्या वर बघून 'मीच जास्त ओतलं वाटतं' असं पुटपुटली, आणि साबण ओतला. त्या दिवशी मधे चोथा धरला नाही. संध्याकाळी विमलाबाईंनी पट्टी नळाखाली धरली, अंगठ्याने हलकेच पुसली, आणि थेंबाच्या जागेतून त्यांना स्वतःचा अंगठा दिसला.

"बाई!" त्या ओरडल्या. "खिडकी पडली!"

पद्मजा धावत आली, पट्टी हिसकावून घेतली, दिव्यापुढे धरली, आणि तिने चक्क विमलाबाईंना मिठी मारली. केसातलं पेन त्यांच्या कपाळाला लागलं. त्या आनंदात 'मी साखर घातली होती' हे वाक्य कुठे बसवायचं, तेच विमलाबाईंना उमगेना. मग जयंतीभाईंना फोन गेला. मग पेढे आले. पेढा तोंडात असताना असलं काही बोलता येतं का? त्या बाटल्या धुवायला लागल्या.

आणि तिथून सगळी वाट लागली. दुसऱ्या दिवशी पट्टी काळी, तिसऱ्या दिवशीही काळी. पद्मजाने मीठ बदललं, मासे बदलले, भांडी बदलली, त्या मंगळवारी खोलीची खिडकी उघडी होती म्हणून रोज खिडकी उघडी ठेवून बघितली. विमलाबाई मनात म्हणायच्या, उद्या सांगते. उद्या उजाडला की पद्मजाचा चेहरा बघून हिय्या व्हायचा नाही. दहाव्या दिवशी, गुरुवारी, जयंतीभाई स्वतः आले. म्हणाले, "बेन, मी पार्टीला शब्द दिला आहे. शनिवारी अकरा वाजता ते लोक बघायला येतील. नाही झालं, तर हे काम बंद करूया आपण. दीड वर्ष झालं, मी पण किती दिवस थांबणार?" काम बंद म्हणजे पद्मजा घरी. आणि खरं बोललं तर विमलाबाई घरी, कारण कायम नसलेल्या बाईला काढायला कुठे कारण लागतं!

संध्याकाळी ताटावर बसल्या तर घास उतरेना. गुणाजींनी वाढता वाढता बघितलं.

"काय झाला गो? आमटी खारट झाली?"

विमलाबाईंनी सगळं सांगितलं. गुणाजींनी हातातला चमचा पातेल्यात ठेवला. मग खाली बसले.

"एकदा माज्या मागाचा वजन मुकादमान, आमच्या जॉबरान बदलल्यान," ते म्हणाले. "चांगल्यासाठीच बदलल्यान. कापड झकास येवक लागला. पण माका सांगूक नाय. मगे दुसऱ्या पाळीवाल्यान ता होता तसा केल्यान, आणि मी दोन दिवस येड्यासारखो शोधतंय, काल बरा येत होता, आज काय झाला? माका वाटला, माज्या हातातला कसबच गेला. त्या जॉबराक मी आजून शिव्या घालतंय."

"म्हंजे बाय माका शिव्या घालतली," विमलाबाई म्हणाल्या.

"तुका मगे घालीत. आता ती सोताक घालता हा."

हे मात्र विमलाबाईंना लागलं. नोकरीच्या भीतीपुढे इतके दिवस ही गोष्ट त्यांना दिसलीच नव्हती. ती हुशार पोरगी स्वतःला नालायक समजून बसली होती, आणि कारण त्यांच्या मुठीत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कोटसुद्धा चढवला नाही. सरळ टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, त्या मंगळवारी तुम्ही फोनला गेलात ना, तेव्हा फ्लास्कात मी साखर घातली."

"काय घातली?"

"साखर. चहाची. साबण ओतायच्या आधी."

पद्मजाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग तिचा चेहरा लाल झाला. "दहा दिवस, मावशी! दहा दिवस मी डोकं फोडून घेतेय! मला वाटलं, मला काम येत नाही. मी घरी आईला सांगितलं, मी हे सगळं सोडते म्हणून. आणि तुम्ही रोज समोर बसून पट्ट्या धुताय?" तिने दाराकडे बोट केलं. "जा तुम्ही. घरी जा. मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही."

विमलाबाईंनी टेबलावरचं फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि जिना उतरल्या. रस्त्यात त्यांना रडू आलं, आणि गंमत म्हणजे सुटल्यासारखंही वाटलं. नोकरी गेली यात त्यांना शंका नव्हती. घरी येऊन त्यांनी गुणाजींच्या हातातून विळी मागितली, तर गुणाजींनी दिली नाही.

सहाच्या सुमाराला दारात पद्मजा उभी. केस विस्कटलेले, केसात पेनच नाही. चाळीतली चार तोंडं लगेच कठड्यावर आली.

"किती घातली होती?" तिने चपला काढायच्या आधी विचारलं. "मी सकाळपासून करतेय. एक चमचा घातली, दोन घातले. पट्टी काळीच. मावशी, किती?"

"चमचा?" विमलाबाईंना क्षणभर आपली नोकरी गेली आहे हेसुद्धा आठवलं नाही. "अहो, चमच्यानं तर चहा पण गोड होत नाही! मूठ होती. चांगली भरलेली."

"मूठ म्हणजे केवढी?"

विमलाबाईंनी मूठ पुढे केली. पद्मजाने ती आपल्या दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघितली. तेवढ्यात गुणाजींनी तिच्यापुढे पाट ठेवला आणि घावणे वाढले. पोरीने सकाळपासून काही खाल्लं नसावं. नको नको म्हणत चार घावणे गेले. ती खात असताना गुणाजींनीच तिला खरवसाची गोष्ट सांगितली, अगदी पाहुण्यांच्या मिशांना लागलेल्या दुधासकट, आणि विमलाबाई 'पुरे हो' म्हणत राहिल्या. पद्मजा हसता हसता मधेच थांबली.

"म्हणजे चीक वाफेनं धरतो आणि आपलं साबणानं," ती हळूच म्हणाली. "प्रथिन म्हणजे घडी घातलेलं लुगडं असतं, मावशी. घडी मोडली की संपलं. साखर असली की पाणी प्रथिनाला असं काही धरून राहतं की घडी सुटत नाही. वाचलं होतं मी हे कुठेतरी, परीक्षेसाठी. पण इथं ते डोक्यातच आलं नाही."

शनिवारी सकाळी सातला दोघी प्रयोगशाळेत. पद्मजाने विमलाबाईंना डब्यात हात घालायला लावून मूठ तराजूच्या कागदावर रिकामी करायला सांगितली. एकतीस ग्रॅम. पुन्हा एकदा. एकतीस. तिसऱ्यांदा, एकतीसच्या वर अर्धा. "तराजू विकून टाकूया आपण," पद्मजा म्हणाली. मग तिने बाटलीतली शुद्ध साखर एकतीस ग्रॅम मोजली, कागद विमलाबाईंच्या हातात दिला, आणि फ्लास्क पुढे सरकवला. विमलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "घाला," ती म्हणाली. विमलाबाईंनी कागद फ्लास्कात रिकामा केला.

अकरा वाजता जयंतीभाई कंपनीच्या दोन साहेबांना घेऊन आले. पट्टीवर थेंब पडला होता. अर्धा तास जाईपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. मग विमलाबाईंनी पट्टी नळाखाली धरली. थेंबाखालचा काळा थर शाईसारखा वाहून गेला. जयंतीभाईंनी पट्टी डोळ्याला लावली आणि त्या गोल खिडकीतून आधी साहेबांकडे, मग पद्मजाकडे बघितलं.

"वाह! काय बदललं बेन तुम्ही?"

"साखर घातली," पद्मजा म्हणाली. आणि श्वास घेऊन पुढे म्हणाली, "मी नाही घातली. ही विमलामावशींची कल्पना. पहिल्यांदा त्यांनीच घातली होती. मला न सांगता."

जयंतीभाईंनी पट्टी खाली ठेवली. "न सांगता? परमिशन नव्हती?"

"नव्हती," विमलाबाईच म्हणाल्या.

जयंतीभाई विचारात पडले. "अशी बाई बाटल्या धुवायला ठेवणं धोक्याचं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मागे मोरीवर काय करील, कोण बघणार? तिला टेबलावर घ्या बेन. डोळ्यासमोर राहील. सोमवारी मी कायमचा कागद पाठवतो." आणि साहेबांना घेऊन जिना उतरले. विमलाबाई आपल्या स्टुलावर बसल्या.

पद्मजाने दार लावलं. दोघी मिळून भांडी आवरायला लागल्या. विमलाबाईंना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी एकच बाटली दोनदा धुतली. पद्मजाने तराजू पुसून झाकला. मग म्हणाली, "काल मी तुम्हाला घालवून दिलं, ते चुकलंच माझं. पण मावशी, एक सांगा. तेव्हा मला विचारलं का नाहीत?"

विमलाबाईंनी नळ बंद केला. "विचारलं असतं, तर घालू दिली असतीत?"

पद्मजाने प्रामाणिकपणे विचार केला, तो विमलाबाईंना तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"नाही," ती म्हणाली. "हसले असते."

"आणि आता काही सुचलं तर?"

"आताही हसेनच, मावशी. आणि मग फ्लास्क पुढे करीन."

"चालेल," विमलाबाई म्हणाल्या, आणि पुढची बाटली उचलली.